दोन लेकरं, एक गाडी

पहिलं मूल दीड-दोन वर्षांचं असताना दुसऱ्याची चाहूल लागली, की ब्रिटनमधल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो: डबल बग्गी घ्यायची का, आणि घ्यायची तर कोणती? पुण्या-मुंबईत हा प्रश्न सहसा पडत नाही. घरात कडेवर घेणारे हात असतात, कोपऱ्यावर रिक्षा मिळते आणि फूटपाथवर चाकं फिरवायला फारसा वावही नसतो. लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅमच्या उपनगरांत गोष्ट वेगळी. बाबांची सरकारी पितृत्व रजा दोन आठवड्यांत संपते. आजी मदतीला येते, पण व्हिजिटर व्हिसावर तिला एका वेळी सहा महिनेच राहता येतं. मग थोरल्याला नर्सरीत सोडणं, तान्ह्याची आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यातली लस, येताना दूध-भाजी, असं सगळं आईला एकटीने आणि बऱ्याचदा पावसात करावं लागतं.

दुकानात मांडलेली बग्गी गुळगुळीत फरशीवर, रिकामी, एका बोटाने फिरते. रोजच्या वापरात ती अडते वेगळ्याच ठिकाणी: घराच्या आतल्या दारात, बसच्या वळणावर, फूटपाथच्या कडेला, मोटारीच्या डिकीत. म्हणून निवड घरापासून सुरू करावी. आधी बग्गी किती महिने लागणार ते ठरवायचं, मग आपल्या वाटेवरची सगळ्यांत अरुंद जागा मोजायची, मग बग्गीचा प्रकार ठरवायचा. ब्रँड आणि रंग सगळ्यांत शेवटी.

आधी महिने मोजा

डबल बग्गीची गरज ठरते ती थोरल्यावरून. तान्ह्याला बग्गी लागणारच आहे. थोरल्याला अजून किती काळ बसायला जागा हवी, एवढाच प्रश्न आहे. मूल वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की चालू लागतं, पण चालता येणं आणि वेळेत कुठे पोहोचणं यांत बरंच अंतर असतं. दीड वर्षाचं मूल दहा पावलं टाकतं आणि मांजर बघायला बसकण मारतं. दोन वर्षांचं मूल जाताना हौसेने चालतं आणि येताना हात वर करून उभं राहतं. तीन-साडेतीन वर्षांची बहुतेक मुलं रोजची जवळची वाट कुरकुर न करता, किंवा थोड्या कुरकुरीवर, चालून जातात. तेव्हा तान्ह्याच्या जन्मापासून थोरलं तीन-साडेतीन वर्षांचं होईपर्यंतचा काळ मोजा. तेवढेच तुमचे डबल बग्गीचे महिने.

दोघांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर हा काळ सहज दोन वर्षांचा होतो आणि चांगल्या डबल बग्गीला पैसे घालणं रास्त ठरतं. दोन ते अडीच वर्षांचं अंतर असेल तर एक-दीड वर्षाचा मामला उरतो. इथे एका सीटची दोन सीट होणारी, म्हणजे वाढवता-कमी करता येणारी बग्गी उपयोगी पडते, कारण थोरल्याला नर्सरीत सोडून परतताना एक जागा रिकामीच असते. अंतर तीन वर्षांच्या आसपास असेल तर डबल बग्गी बहुतेक वेळ दाराआड अडगळ होऊन राहते. त्या घरांसाठी दुसरे मार्ग आहेत, ते पुढे येतीलच.

महिने मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात म्हटलं आहे, की मुलांना बग्गीत किंवा उंच खुर्चीत सलग एका तासाहून जास्त जखडून ठेवू नये. बग्गी पोहोचण्यासाठी आहे. बागेत पोहोचल्यावर थोरल्याला उतरवायचं, हे धरूनच हिशेब मांडा.

मग सेंटिमीटर मोजा

आता टेप काढा. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत आतल्या दाराची नेहमीची फळी ७६.२ सेंटिमीटर रुंद असते. ही झाली फळीची रुंदी. दार काटकोनात उघडून उभं राहिलं की त्या फळीची साडेतीन सेंटिमीटर जाडी वाटेत येते, चौकटीची पट्टी आणखी थोडी जागा खाते, आणि हाती राहते ती जेमतेम ७१-७२ सेंटिमीटरची मोकळी वाट. नव्या घरांचं बरं आहे. १९९९ पासून इंग्लंडच्या बांधकाम नियमांत व्हीलचेअरचा विचार आला. तिथे मुख्य दाराची मोकळी वाट किमान ७७.५ सेंटिमीटर असते, आणि समोरून सरळ आत शिरता येत असेल तर आतल्या दारांची ७५.

हे आकडे बग्ग्यांशेजारी ठेवून बघा. माउंटन बग्गीची ‘ड्युएट’ ६३ सेंटिमीटर रुंद आहे, आउट अँड अबाउटची ‘निपर डबल’ ७२, तर दोन सीट लावलेली बुगाबूची ‘डाँकी’ ७४. तिन्ही शेजारी-शेजारी बसवणाऱ्याच. कागदावर फरक नऊ-अकरा सेंटिमीटरचा, पण व्हिक्टोरियन धाटणीच्या घरात तेवढ्यावरच बग्गी आत येणार की पावसात पोर्चमध्ये भिजणार हे ठरतं. मॉडेल बदललं की मापं बदलतात, म्हणून विकत घेताना त्या वर्षीच्या पत्रकातलं माप बघावं. तेही चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतचं. सीटची रुंदी इथे कामाची नाही.

रुंदीइतकीच लांबीही बघावी लागते. जुन्या घरांत दारातून आत आलं की हातभर रुंदीचा बोळ असतो, त्यात एका बाजूला जिना आणि दुसऱ्या बाजूला रेडिएटर. पुढे-मागे सीट असलेली बग्गी दारातून सरळ आत येते, पण त्या बोळातून काटकोनात वळवताना तिचं नाक भिंतीला घासतं. शिवाय ती रात्री ठेवायची कुठे? बोळात उभी केली तर जिन्याकडे जाता येईल का, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी राहील का, हेही बघा. फ्लॅटमध्ये सामायिक जिन्याखाली बग्गी ठेवायला बऱ्याच इमारतींत याच कारणाने मनाई असते.

मोजण्याची सोपी रीत अशी. मनात असलेल्या बग्गीच्या रुंदीएवढी पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि आठवडाभर जिथे जिथे जाता तिथे ती आडवी धरून बघा: फाटक, लिफ्ट, दवाखान्याचं दार, नर्सरीचा बोळ, नेहमीच्या दुकानातली कपाटांमधली वाट. कचरा उचलण्याच्या दिवशी चाकांचे मोठे डबे फूटपाथवर येतात, काही गल्ल्यांत मोटारी अर्ध्या फूटपाथवर चढवलेल्या असतात. त्या दिवशीही बघा. लोक थोडे हसतील. पण जिथे पट्टी अडेल तिथे बग्गीही अडणार, आणि तेव्हा तीत दोन मुलं असतील.

शेजारी-शेजारी की पुढे-मागे

डबल बग्गीचे मुख्य प्रकार दोनच. पहिल्यात दोन सीट शेजारी-शेजारी असतात, दुसऱ्यात पुढे-मागे किंवा वर-खाली. बाकी सगळे यांचेच पोटभेद. फरक समजून घ्यायचा तर मागच्या चाकांच्या आसाकडे बघा.

फूटपाथच्या कडेवर चढताना आपण हँडल खाली दाबतो. बग्गी मागच्या आसावर टेकते आणि पुढची चाकं उचलली जातात. ही सरळसरळ तरफ आहे. शेजारी-शेजारी बग्गीत दोन्ही मुलं मागच्या आसाजवळ बसतात, त्यामुळे थोड्या दाबात काम होतं. पुढे-मागे बग्गीत एक मूल आसापासून लांब, पुढच्या चाकांच्या वर बसतं. समजा, ते बारा किलोचं आहे आणि आसाच्या ५० सेंटिमीटर पुढे आहे, आणि तुमचे हात आसाच्या ४० सेंटिमीटर मागे आहेत. तर नुसत्या त्या मुलासाठी हँडलवर पंधरा किलोइतका दाब द्यावा लागेल, सांगाड्याचं वजन वेगळंच. हे दर चौकात दोनदा. बाळंतपणानंतरच्या पाठीला किंवा आजीच्या मनगटांना ते झेपेल का, याचा अंदाज दुकानाच्या सपाट फरशीवर येत नाही.

शेजारी-शेजारी बग्गीचाही एक त्रास आहे. एका बाजूला बारा किलोचं थोरलं आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन किलोचं तान्हं असलं, की ती जड बाजूकडे ओढते. खास करून रस्त्याकडे उतरत्या फूटपाथवर हे जाणवतं. मोठी चाकं आणि एकसंध आडवं हँडल असेल तर ही ओढ सांभाळता येते. दोन सुट्या मुठी असतील तर एका हाताने ढकलणं जवळजवळ अशक्य होतं. आणि एक हात तर रोज लागणारच, थोरल्याचा पडलेला बूट उचलायला नाहीतर फोन घ्यायला.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर शेजारी-शेजारी बसलेल्यांना सारखंच दिसतं. पण थोरल्याचा हात तान्ह्याच्या तोंडापर्यंत पोहोचतो, आणि प्रेमाने भरवलेला बिस्किटाचा तुकडा तीन महिन्यांच्या बाळाला धोक्याचा असतो. मधला पडदा असेल तर बरं. वर-खाली रचनेत खालच्या मुलाला पुढचं फारसं दिसत नाही, पाय पसरायला जागा कमी असते आणि चाकांचं पाणी, धूळ जवळ येते. शिवाय दुसऱ्या सीटची वजनाची मर्यादा पहिलीपेक्षा कमी असू शकते. ती ओळ पत्रकात शोधून वाचा.

वाढवता येणाऱ्या बग्गीत आणखी एक खाचखळगा असतो. काही मॉडेलांत दुसरं मूल मागच्या आसाच्या मागे किंवा अगदी वर बसतं. पुढचं मूल उतरलं, की मागचं वजन बग्गीला मागे पाडतं. कोणाला आधी बसवायचं आणि कोणाला आधी उतरवायचं हे अशा बग्गीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. आजी-आजोबा येतील तेव्हा त्यांनाही ते करून दाखवा, नुसतं सांगून भागत नाही.

वजन कसं वाढत जातं

बग्गी घेताना आपण आजचं वजन धरतो, पण ती वापरायची असते पुढची दोन वर्षं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-तक्त्यांत मुलग्यांचं मध्यम वजन जन्मतः ३.३ किलो, वर्षाला ९.६, दोन वर्षांना १२.२ आणि तीन वर्षांना १४.३ किलो आहे. मुलींचं यापेक्षा थोडं कमी. दोन वर्षांचं थोरलं आणि नवजात तान्हं मिळून साडेपंधरा किलो. वर्षाने हीच जोडी २४ किलोंची होते. डबल बग्गी स्वतः १४ किलोंची धरली आणि खालच्या टोपलीत चार किलो सामान ठेवलं, तर तुम्ही ४२ किलो ढकलत असता.

बारास एक, म्हणजे बारा मीटर अंतरात एक मीटर चढणाऱ्या उतारावर हे ४२ किलो तुमच्या हातांना साधारण साडेतीन किलोंची ओढ देतात. चढताना ते ढकलायचे, उतरताना आवरायचे. हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा असेल तर तो वापरा. ब्रेक एका पायाने दाबता येतो का, दोन्ही मागची चाकं एकदम जखडली जातात का, आणि सँडल घालून तो सोडवताना बोटांना लागतो का, हे बघा. रेल्वेच्या फलाटावर उभं राहताना बग्गी रुळांना समांतर ठेवावी आणि ब्रेक लावूनच हात सोडावा. फलाट डोळ्यांना सपाट दिसतो. चाकांना बारीकसा उतारही पुरतो.

चाकांचंही तसंच. लहान चाक फटीत अडकतं, मोठं चाक तीच फट ओलांडून जातं. कारण अडथळा चाकाच्या त्रिज्येच्या मानाने जितका लहान, तितकं त्यावर चढणं सोपं. हवा भरलेली चाकं खडबडीत वाटेवर आरामाची, पण पंक्चर होतात. फोम भरलेली पंक्चर होत नाहीत, पण धक्के जास्त देतात. पुढची चाकं मोकळी फिरणारी असली की वळणं सोपी होतात. गवतावर आणि खडीवर मात्र ती सरळ जखडता आली पाहिजेत, नाहीतर थरथरत बसतात.

आणि एक जुनी सवय सोडा: हँडलला पिशव्या लटकवणं. मुलं बसलेली असताना सगळं ठीक दिसतं. थोरल्याला उतरवलं की पिशव्यांचं वजन बग्गीला मागे उलटवतं, तान्ह्यासकट. सामान खालच्या टोपलीत किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा.

तान्ह्याची पाठ, थोरल्याचे पट्टे

तान्ह्याला पहिले सहा महिने सपाट झोपायला मिळायला हवं. मान आणि पाठ अजून धरलेली नसते. अर्धवट बसतं ठेवलं तर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून बग्गीत निजायचा पाळणा लावता येतो का, किंवा सीट पुरेशी सपाट होते का, हे पहिल्यांदा विचारा. ‘जन्मापासून चालते’ असं दुकानदार म्हणाला तर दोन्ही सीट चालतात की एकच, हेही विचारा. अनेक डबल बग्ग्यांत एकच सीट तेवढी सपाट होते. मोटारीची बेबी सीट सांगाड्यावर बसवण्याची सोय असली तरी ती मोटारीपुरती ठेवा. तिच्यात बाळाला सलग दोन तासांहून जास्त ठेवू नये असा सल्ला ब्रिटनमध्ये दिला जातो, आणि नवजाताला तर त्याहून पुष्कळ कमी वेळ.

थोरल्यासाठी पाचपदरी पट्टा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. नुसता कमरेचा पट्टा चपळ मुलाला उभं राहण्यापासून रोखत नाही. बकल तुम्हाला एका हाताने उघडता आलं पाहिजे आणि त्याला दोन्ही हातांनीही उघडता येता कामा नये.

पत्रकावर ‘बीएस ईएन १८८८’ हे मानक शोधा. त्याचा पहिला भाग १५ किलोंपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा २२ किलोंपर्यंतच्या. तीन वर्षांचं मूल १४ किलोंच्या पुढे गेलेलं असतं, म्हणजे पंधराची मर्यादा असलेली सीट नेमक्या शेवटच्या काही महिन्यांत अपुरी पडते. थोरल्यासाठी २२ किलोंची सीट बघितलेली बरी.

दोन्ही सीटची पाठ आणि छत स्वतंत्रपणे हलतात का, तेही बघा. दोघांच्या झोपेच्या वेळा कधीच जुळत नाहीत. उन्हात बग्गीवर ओढणी किंवा दुपटं टाकून सावली करायची आपल्याकडे सवय असते. तसं केल्याने आतली हवा कोंडते आणि बाळ तापतं. छत, छत्री किंवा हवा खेळू देणारी जाळी वापरा.

बसमध्ये, लिफ्टमध्ये

ब्रिटनमधल्या बसमध्ये व्हीलचेअरसाठी राखलेली जागा १.३ मीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर रुंद असते. ही जागा आणि तिच्यापर्यंतची वाट ७० सेंटिमीटर रुंद, १.२ मीटर लांब व्हीलचेअर नजरेसमोर ठेवून आखलेली आहे. त्या मापात बसणारी बग्गी सहसा आत जाते. त्याहून रुंद असेल तर चालकाशेजारच्या वळणावर अडकते. सारखा बसप्रवास करणाऱ्या घराला म्हणूनच अरुंद किंवा पुढे-मागे रचना सोयीची पडते.

पण ती जागा आधी व्हीलचेअरवरच्या माणसाची आहे. लीड्सजवळच्या एका बसमध्ये २०१२ साली बग्गी न हलवल्यामुळे डग पॉली यांना चढता आलं नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की चालकाने जागा मोकळी करण्याची नुसती विनंती करून थांबू नये, आणखी प्रयत्न करावेत. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: कधीतरी बग्गी मिटावी लागेल, नाहीतर उतरून पुढची बस धरावी लागेल. दोन मुलांसह एकटीने बग्गी मिटणं फार अवघड असल्यामुळे व्यवहारात दुसराच पर्याय उरतो. निघताना हातात एका बसची सवड ठेवा.

लंडनमध्ये डीएलआरची सगळी स्थानकं आणि २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनची सगळी स्थानकं पायऱ्यांशिवाय गाठता येतात. जुन्या भुयारी मार्गांवरच्या बऱ्याच स्थानकांत मात्र जिनेच आहेत, आणि मुलांसह ४२ किलोंची बग्गी कुणा परक्याच्या मदतीनेही जिन्यावरून उचलायची नसते. नेहमीच्या प्रवासात असं स्थानक येत असेल तर त्या दिवसासाठी वेगळी सोय लागेल, हे आधीच धरून चला.

घडी आणि डिकी

आजची बहुतेक हलकी बग्गी ज्या कल्पनेवर चालते ती १९६५ सालची. ओवेन मॅक्लारेन हे निवृत्त विमान-अभियंते. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्याच्या रचनेत त्यांचा हात होता. विमानाची चाकं उड्डाणानंतर पंखाखाली मिटतात, त्याच विचाराने त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बग्गी केली. तिच्यामुळे लहान मूल घेऊन बस-रेल्वेने जाणं सोपं झालं.

मिटणाऱ्या सांगाड्याला बिजागऱ्या असतात आणि बिजागऱ्यांत बोटं सापडतात. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत सुमारे १० लाख बग्ग्यांसाठी बिजागरीची आवरणं द्यावी लागली ती याच कारणाने. मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. बग्गी कुठल्याही कंपनीची असो, उघडताना-मिटताना थोरल्याला दोन पावलं लांब उभं करा आणि सांध्यांवर आवरण आहे का ते बघा.

डबल बग्गीची घडी तीन तऱ्हांची असते. छत्रीसारखी मिटणारी लांब आणि बारीक होते. मध्ये दुमडणारी शेजारी-शेजारी बग्गी चपटी होते, पण रुंदी तेवढीच राहते. वाढवता येणारी बग्गी बऱ्याचदा दुसरी सीट काढल्याशिवाय मिटतच नाही, म्हणजे डिकीत दोन तुकडे जातात. मोटार असेल तर दुकानात जाताना तीच घेऊन जा आणि बग्गी खरोखर डिकीत ठेवून बघा, आठवड्याच्या सामानाला जागा राहते का त्यासकट. दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. घडी घालतानाही एक हात पाठीमागे ठेवा, कारण तो हात तान्ह्याचा आहे.

डबल न घेताही

थोरलं अडीचच्या पुढचं असेल तर एका सीटच्या बग्गीमागे लावायची चाकांची फळी पुरते. त्यावर थोरलं उभं राहतं, आईच्या दोन हातांच्या मध्ये. या फळ्या साधारण दोन वर्षांपुढच्या आणि वीसेक किलोंपर्यंतच्या मुलांसाठी असतात. आपल्या बग्गीला ती बसते का, हे फळी बनवणाऱ्याच्या यादीत बघा. ढकलताना पाय थोडे आखडून टाकावे लागतात, नाहीतर नडग्या आपटतात. आणि थोरल्याला उभ्याउभ्या झोप आली तर फळीचा काही उपयोग नाही.

दुसरा मार्ग म्हणजे थोरलं बग्गीत आणि तान्हं झोळीत किंवा बेबी कॅरियरमध्ये, छातीशी. पहिल्या चार-सहा महिन्यांना हा मार्ग फार चांगला. बाळ घट्ट बांधलेलं हवं, चेहरा सतत दिसता हवा, मान झुकवून टाळूचा मुका घेता येईल इतकं वर हवं, हनुवटी छातीवर टेकलेली नको आणि पाठीला नीट आधार हवा. पाठीने साथ दिली तर हाच उपाय सगळ्यांत स्वस्त. सिझेरियननंतर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

सुट्टीत भारतात येताना डबल बग्गी आणावी का, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. विमानतळ, मॉल आणि सोसायटीचं आवार सोडलं तर मुंबई-पुण्यात तिला सरळ वाट मिळत नाही, आणि जुन्या इमारतींतल्या जाळीच्या लिफ्टमध्ये ती मावतही नाही. एक हलकी, छत्रीसारखी मिटणारी एका सीटची बग्गी आणि कॅरियर, एवढं पुरतं. बाकीचं काम मावशी, आत्या आणि काका हौसेने करतात.

वापरलेली घेताना

डबल बग्गी हे थोडेच महिने लागणारं आणि जागा खाणारं सामान असल्यामुळे ब्रिटनमध्ये वापरलेल्या डबल बग्ग्या पुष्कळ मिळतात, आणि त्या घेण्यात कमीपणा नाही. घेताना सीटखालचं लेबल वाचून मॉडेल आणि मानक टिपून घ्या, ते मॉडेल कंपनीने परत मागवलं होतं का हे शोधा आणि माहितीपुस्तिका उतरवून घ्या. मग बग्गी पूर्ण उघडून कुलूप ‘खट्’ असं बसतं का बघा. तीत पंधरा-वीस किलो वजन ठेवा, ब्रेक लावा आणि उतारावर सोडून पाहा. प्रत्येक बकल दहादा लावून काढा. सांगाड्याच्या जोडांवर बोट फिरवून तडा आहे का बघा. बग्गी सरळ ढकलून हात सोडला आणि ती एका बाजूला गेली, तर सांगाडा वाकलेला आहे किंवा चाकाचा आस झिजलेला आहे. कापड मळलेलं असेल तर धुता येतं. झिजलेला ब्रेक आणि वाकलेला सांगाडा धुऊन जात नाही.

निवड करताना

आता दुकानात जायला हरकत नाही. थोरल्याला बरोबर न्या, आणि तान्ह्याच्या जागी साडेतीन किलोंची पिठाची पिशवी ठेवा. घरात जो सगळ्यांत बुटका आणि जो सगळ्यांत उंच, अशा दोघांनीही ढकलून बघा; हँडल खाली-वर होत नसेल तर दोघांपैकी एकाची पाठ रोज दुखणार. दुकानाबाहेरच्या फूटपाथवर न्यायची परवानगी मागा आणि कडेवरून एकदा चढवा, एकदा उतरवा. तुमची पुठ्ठ्याची पट्टी चाकांना लावून बघा.

दोन बग्ग्यांत मन अडकलं, तर आपल्या वाटेवरच्या सगळ्यांत अडचणीच्या जागी जी सहज जाईल ती घ्या, मग दुसरी दिसायला कितीही छान असो. जुन्या घरात राहून बसने फिरणाऱ्यांना अरुंद किंवा पुढे-मागे बग्गी सोयीची. खडबडीत फूटपाथांवरून रोज चालणाऱ्यांना मोठ्या चाकांची शेजारी-शेजारी. अंतर दोन वर्षांपुढचं असेल तर वाढवता येणारी, आणि तीनच्या आसपास असेल तर फळी. खोकं आणि पावती जपून ठेवा. थोरलं एक दिवस ‘मी चालणार’ म्हणून हटून बसेल आणि रोजच बसेल, त्या आठवड्यात बग्गी स्वच्छ धुऊन विकायला काढा. दारामागे वर्षभर पडून राहिली तर तिची निम्मी किंमत जाते, आणि बोळातली वाटही अडते.